पळती अक्षरं पुसट का दिसतात, आणि तो पुसटपणा मोजतात कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी २१ इंची डबा टीव्ही होता, त्यावर बातम्यांच्या चॅनेलची खालची धावती पट्टी पलंगावरून आरामात वाचता यायची. आता ५५ इंची फोर-के एलईडी आणलात, तर तीच पट्टी फिस्कटल्यासारखी दिसते. खोक्यावर ‘१ एमएस’ (१ मिलिसेकंद) छापलेला मॉनिटर घेतलात, त्यावरही पान सरकवताना अक्षरं पुसट. दुकानदाराला दाखवायला मोबाइलवर फोटो काढलात, तर फोटोत अक्षरं लख्ख. दुकानदार म्हणाला, डोळे तपासून घ्या.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची घाई करू नका. टीव्हीही बहुधा धडधाकट आहे. मी पॅनेल तपासणीच्या कामात आहे आणि ‘फोटोत दिसत नाही, डोळ्यांना दिसतं’ ही तक्रार आमच्याकडे नेहमीची. तुमचं कोडं त्या फोटोनेच अर्धं सोडवलंय.

एलसीडी असो (‘एलईडी’ म्हणून विकले जाणारे टीव्हीही एलसीडीच) की ओलेड, पडद्यावर एक चित्र आलं की पुढचं येईपर्यंत ते जागच्या जागी उजळ उभं राहतं. आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झच्या हिशेबाने चालतं, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं, प्रत्येक चित्राला २० मिलिसेकंद. पट्टीवरचं अक्षर खरं तर सरकतच नाही. ते २० मिलिसेकंद थांबतं, टुणकन पुढे जातं, पुन्हा थांबतं. तुमचा डोळा मात्र असा थांबत-थांबत जात नाही. सरकत्या वस्तूचा माग काढताना बुबुळं एकसारख्या वेगाने फिरत राहतात. अक्षर थांबलेलं आणि डोळा चालता, त्यामुळे त्या २० मिलिसेकंदांत अक्षराची प्रतिमा दृष्टिपटलावर ओढली जाते, ओल्या शाईवरून बोट फिरल्यासारखी. पुढच्या चित्राचंही तेच होतं, आणि हे सगळे ओरखडे एकावर एक बसून एक कायमचा पुसट काठ तयार होतो. तुमचा मोबाइल टीव्हीसमोर स्थिर होता आणि त्याचं शटर सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरतं उघडलं. त्याला थांबलेलं अक्षर मिळालं, ते त्याने जसंच्या तसं टिपलं. पुसटपणा पडद्यावर नव्हताच, मग फोटोत कुठून येणार?

डबा टीव्हीची गोष्ट वेगळी होती. तिथे इलेक्ट्रॉनांचा झोत एकेका बिंदूवरून धावायचा, तिथला फॉस्फर चमकायचा आणि एखाद-दोन मिलिसेकंदांत बहुतेक विझायचा. मग पुढचा झोत येईपर्यंत तो बिंदू काळाच. डोळा त्या काळोखात पुढे सरकत राहिला तरी ओढायला प्रतिमाच शिल्लक नसायची.

यावरून हिशेब सोपा होतो: पुसट काठाची रुंदी म्हणजे वस्तूचा वेग गुणिले चित्र उजळ राहण्याचा काळ. समजा पट्टीवरचं अक्षर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ८ सेकंदांत जातं. ५५ इंची पडद्याची रुंदी साधारण १२२ सेंटिमीटर, म्हणजे अक्षराचा वेग सेकंदाला सुमारे १५ सेंटिमीटर. २० मिलिसेकंदांत ३ मिलिमीटरचा काठ पुसट झाला. २१ इंची डब्याची रुंदी जेमतेम ४० सेंटिमीटर, तिथला वेग ५ सेंटिमीटर, आणि २ मिलिसेकंद धरले तरी पुसटपणा ०.१ मिलिमीटर. तीच बातमी, तेच ८ सेकंद, आणि फरक ३० पट. यातला तीन पट फरक निव्वळ पडदा मोठा झाल्याने पडला आणि दहा पट तंत्र बदलल्याने. अडीच मीटरवर बसलात तर ३ मिलिमीटर डोळ्याशी सुमारे ४ कलांचा कोन करतात (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). चांगल्या नजरेला १ कलेचा फरक ओळखता येतो. त्यामुळे तुम्हाला दिसतंय ते दिसायलाच हवं.

देवनागरीचा यात स्वतःचा एक हिशेब आहे, आणि इंग्रजीतल्या चाचण्यांमध्ये तो कुठेच सापडत नाही. आडवी पळणारी अक्षरं आडवीच ओढली जातात. शिरोरेषा मुळात आडवी, ती स्वतःच्याच अंगावर ओढली गेली तर तिचं काही बिघडत नाही. फक्त दोन शब्दांमधली फट बुजते. मार बसतो तो उभ्या रेघांना. काना फिकट आणि रुंद होतो, अनुस्वाराचा टिंब लांबट डाग होतो, आणि ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ भरून गेली की ‘प’ आणि ‘ष’ ओळखायला संदर्भ लागतो. वर ठळक काळी रेघ शाबूत आणि खाली सगळी पडझड, असं दृश्य दिसतं. त्यामुळे पट्टी ‘अर्धी स्पष्ट’ आहे असं वाटतं आणि माणूस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतो.

खात्री करून घ्यायची असेल तर टीव्हीच्या खालच्या कडेला कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा आणि नजर त्या तुकड्यावरच रोखा. पट्टी आपोआप नजरेसमोरून जाऊ द्या, तिच्यामागे जाऊ नका. अक्षरं वाचता येणार नाहीत, पण ती ओढल्यासारखी न दिसता तुटक तुटक उड्या मारल्यासारखी दिसतील. आता पुन्हा एका अक्षराचा पाठलाग करा: उड्या गेल्या, पुसटपणा आला. टीव्हीत काहीच बदललं नाही, बदलली ती तुमची नजर. संगणकावर हाच प्रयोग ‘टेस्टयूएफओ’ या संकेतस्थळावरच्या चाचण्यांमध्ये करता येतो. तिथल्या एका चाचणीत उभ्या रेघांसमोर एक तबकडी स्थिर आणि एक सरकती असते. स्थिर तबकडीकडे बघितलं की रेघा रेघांसारख्या दिसतात, सरकतीचा माग काढला की त्याच रेघांच्या जागी चौकटी दिसू लागतात.

आता तुमच्या मॉनिटरवरच्या ‘१ एमएस’कडे येतो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. पडद्यावर दोन वेगळ्या गोष्टी पुसटपणा आणतात. एक म्हणजे वर सांगितलेलं चित्राचं थांबून राहणं. दुसरी म्हणजे पिक्सेलचा आळस: द्रवस्फटिकाला एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला वेळ लागतो. खोक्यावरचा जीटीजी आकडा, म्हणजे एका करड्या छटेपासून दुसऱ्या करड्या छटेपर्यंतचा काळ, फक्त या आळसाबद्दल बोलतो. तो शून्य झाला तरी ६० हर्ट्झवर चित्र १६.७ मिलिसेकंद थांबणारच. ओलेड याचा उत्तम पुरावा आहे. त्याचे पिक्सेल मिलिसेकंदाच्या अंशात छटा बदलतात, तरीही ६० हर्ट्झवरचा ओलेड सरकत्या मजकुराला पुसट करतोच, फक्त मागे शेपटी सोडत नाही.

आणि तो १ मिलिसेकंदसुद्धा कोणता, हे विचारायला हवं. जीटीजी मोजायला आम्ही पडद्याला फोटोडायोड, म्हणजे प्रकाश टिपणारा छोटा सेन्सर, चिकटवतो, एक ठोकळा गडदवरून फिकट आणि फिकटवरून गडद करत राहतो, आणि प्रकाशाचा आलेख ऑसिलोस्कोपवर उतरवतो. रूढ पद्धतीत बदलाच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतचाच वेळ धरतात. सुरुवातीच्या आणि शेवटच्या टप्प्यात प्रकाश हळूहळू रेंगाळतो आणि मोजणीत खरखर येते, म्हणून ही काटछाट. पण एलसीडीचा खरा आळस पुष्कळदा त्या शेवटच्या १० टक्क्यांतच दडलेला असतो. शिवाय छटा एक नाही, अनेक. ०, ५१, १०२, १५३, २०४ आणि २५५ अशा सहा पातळ्या घेतल्या तरी येण्या-जाण्याच्या ३० जोड्या होतात. ३० आकड्यांतला सर्वांत लहान कोणता ते खोक्यावर छापलं जातं. एलसीडीचे व्हीए आणि आयपीएस असे दोन नेहमीचे प्रकार आहेत. व्हीए पॅनेलमध्ये काळ्यापासून गडद करड्यापर्यंतची एखादी जोडी इतरांच्या कित्येक पट वेळ खाते. रात्रीच्या दृश्यात कॅमेरा फिरला की मागे काळे ओघळ दिसतात ते यामुळे. आयपीएसचे आकडे जास्त एकसारखे असतात. मला विचाराल तर मजकूर वाचणाऱ्याने खोक्यावरच्या आकड्यापेक्षा आयपीएस की व्हीए हे आधी पाहावं.

छापील आकडा गाठायला ओव्हरड्राइव्ह नावाची युक्ती वापरतात. पिक्सेलला गरजेपेक्षा मोठा धक्का देतात, म्हणजे तो लवकर पोचतो. धक्का जास्त झाला की पिक्सेल ठिकाण ओलांडून पुढे जातो आणि परत येतो, आणि अक्षरामागे उलट्या छटेची पांढुरकी कड उमटते. मॉनिटरच्या मेनूत ‘एक्स्ट्रीम’ किंवा ‘फास्टेस्ट’ असा पर्याय असेल तर खोक्यावरचा १ बहुतेक त्याचाच असतो, आणि वापरण्याजोगा पर्याय त्याच्या एक-दोन पायऱ्या खाली असतो. आणखी एक बारकावा: द्रवस्फटिक थंडीत घट्ट आणि मंद होतो. थंडीच्या सकाळी नुकताच सुरू केलेला मॉनिटर आणि अर्धा तास तापलेला मॉनिटर यांचे आलेख वेगळे येतात. आम्ही पॅनेल तापल्याशिवाय मोजणीला हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

डोळ्याला काय दिसतं ते मोजायचं असेल तर मोजणाऱ्या यंत्रालाही डोळ्यासारखं पळावं लागतं. यासाठी एमपीआरटी (मूव्हिंग पिक्चर रिस्पॉन्स टाइम) नावाचं माप आहे, आणि ते मिळवायच्या दोन वाटा आहेत. पहिली गणिताची. फोटोडायोडचा आलेख घ्या आणि त्यावरून एका फ्रेमएवढ्या, म्हणजे एका चित्राएवढ्या, काळाची सरासरी सरकवत न्या. पाठलाग करणाऱ्या डोळ्याला काठ जसा दिसेल तसा उतार हाती येतो. मग त्या उताराची १० ते ९० टक्क्यांची लांबी मोजा. गंमत अशी की बिनचूक, शून्य आळसाच्या ६० हर्ट्झ पडद्यालाही हे माप १३.३ मिलिसेकंद येतं, कारण १६.७ चे ८० टक्के तेवढेच. काही जण ही काटछाट भरून काढायला ०.८ ने भागतात. दोन परीक्षणांतले आकडे ताडून बघताना आधी हे पाहा. नाहीतर एकच पॅनेल दोन ठिकाणी वेगळं निघतं आणि वाद होतो.

दुसरी वाट कॅमेऱ्याची, आणि ती मला जास्त आवडते, कारण तिथे आकड्याऐवजी चित्र मिळतं. कॅमेरा रुळावर ठेवून पडद्यावरच्या सरकत्या आकृतीच्या वेगानेच ढकलायचा आणि शटर चार-पाच फ्रेम उघडं ठेवायचं. ६० हर्ट्झला सेकंदाचा पंधरावा भाग, १२० हर्ट्झला तिसावा, म्हणजे दोन्हीकडे चार फ्रेम. एकच फ्रेम टिपली तर ती फ्रेम नेमकी कुठे कापली गेली यावर फोटो बदलतो. ‘टेस्टयूएफओ’चे जनक मार्क रेजहॉन यांनी ही पद्धत घरगुती केली: आकृतीखाली शिडीसारख्या खुणा सरकत असतात, आणि फोटोत त्या खुणा सरळ आल्या तरच कॅमेऱ्याचा वेग जुळला असं मानायचं. खुणा तिरक्या आल्या तर फोटो टाकून द्यायचा. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. टेबलाच्या कडेने सरकणारी फळी, मोबाइलचं प्रो कॅमेरा सेटिंग आणि चिकाटी पुरते. आकृतीचा वेग सेकंदाला ९६० पिक्सेल ठेवतात, कारण भागाकार सरळ जातो: ६० हर्ट्झला १६ पिक्सेलचा पुसटपणा, १२० ला ८, २४० ला ४, ४८० ला २. पिक्सेल चपळ असतील तर फोटोत जवळजवळ तेवढाच दिसतो; जास्त दिसला तर तो वरचा भाग आळसाचा.

२०२२ मध्ये व्हेसा या पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने क्लिअरएमआर नावाचं मानांकन आणलं, ते याच गोंधळावर उतारा म्हणून. त्यात मिलिसेकंद नाहीत. सरकत्या काठापाशी स्पष्ट पिक्सेल पुसट पिक्सेलांच्या किती पट आहेत हे पाहतात. क्लिअरएमआर ७००० म्हणजे ६५ ते ७५ पट. ओव्हरड्राइव्हच्या अतिरेकाला आणि बॅकलाइट (एलसीडीमागचा दिवा) लुकलुकवून आकडा फुगवण्याला त्यात मुभा नाही. नवा मॉनिटर घेताना ‘१ एमएस’पेक्षा मी हा शिक्का आधी शोधेन.

लुकलुकवण्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो, कारण ‘१ एमएस एमपीआरटी’ असं लिहिलेलं असेल तर तो आकडा नेमका तिथून येतो. चित्र थांबण्याचा काळ कमी करायच्या दोनच रीती आहेत: सेकंदाला जास्त चित्रं दाखवा, किंवा प्रत्येक चित्र थोडा वेळ दाखवून मध्ये काळोख करा. दुसरी रीत म्हणजे डबा टीव्हीची नक्कल. फायदा खरा असतो, किंमतही खरी असते. चित्र एक चतुर्थांश वेळच उजळ राहिलं तर उजेडही एक चतुर्थांशच जाणवतो. शिवाय एलसीडी वरून खाली रंगत जातो. बॅकलाइटची चमक मधल्या भागाला वेळेवर मिळाली तरी वरच्या किंवा खालच्या पट्ट्यात पिक्सेल अजून बदलत असतात, आणि तिथे जुळी प्रतिमा दिसते. बातम्यांची पट्टी नेमकी खाली असते हे आपलं नशीब. ५० किंवा ६० हर्ट्झला ही लुकलुक अनेकांना जाणवते आणि डोकं धरतं. डबा टीव्हीही लुकलुकायचाच, आपण लहान पडद्याकडे लांबून बघायचो म्हणून खपून गेलं. १०० हर्ट्झचे डबे आले तेव्हा लुकलुक गेली, पण ज्यांत प्रत्येक चित्र नुसतं दोनदा दाखवलं जायचं त्यांत पळती पट्टी दुहेरी दिसू लागली. एक चित्र दोनदा चमकलं आणि मधल्या वेळात डोळा पुढे गेला, की दोन प्रतिमा होणारच. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी बॅकलाइट वेगाने चालू-बंद करतात. ६० फ्रेमला २४० वेळा चमक झाली तर सरकत्या अक्षराच्या चार प्रती दिसतात. ब्राइटनेस १०० टक्के केल्यावर त्या प्रती गेल्या, तर कारण हेच.

तुमच्या टीव्हीबाबत काय करायचं हे सिग्नल कुठून येतो यावर अवलंबून आहे. पट्टी चालू असताना पॉज करा. थांबलेल्या चित्रात अक्षरं लख्ख असतील तर पुसटपणा थांबण्या-पाठलागाचाच आहे. काठांना कंगव्यासारखे दाते दिसले किंवा दोन अक्षरं एकमेकांत मिसळलेली दिसली तर दोष इंटरलेस (एकाआड एक ओळी पाठवणारा) सिग्नल सरळ करण्यातला: सेट-टॉप बॉक्सचं आउटपुट १०८०आय वरून १०८०पी करून बघा, किंवा उलट, बॉक्स आणि टीव्ही यांतला जो हे काम चांगलं करतो त्याच्याकडे ते सोपवा. अक्षरांभोवती माश्या घोंघावल्यासारखे ठिपके असतील तर ते चॅनेलचं कॉम्प्रेशन. त्यावर तुमच्या हातात काही नाही. चॅनेल मोबाइल अॅपवरून किंवा इंटरनेटवरून बघत असाल तर सेकंदाला २५च चित्रं येत असण्याची शक्यता मोठी. मग २० ऐवजी ४० मिलिसेकंद धरा, काठ ६ मिलिमीटर, पट्टीतल्या कान्याच्या जाडीपेक्षा जास्त. अशा वेळी केबल किंवा डिशवरून तेच चॅनेल लावून बघणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

टीव्हीच्या मेनूत मधली चित्रं स्वतः रचणारी मोशन सेटिंग असते, नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं. सिनेमाला मी ती बंदच ठेवतो, सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. पण बातम्यांच्या पट्टीला ती खरोखर मदत करते, अर्थात पॅनेल १०० किंवा १२० हर्ट्झचं असेल तर. पॅनेल ५०-६० हर्ट्झचं असेल तर ५० हर्ट्झच्या प्रक्षेपणात वाढीव चित्रं दाखवायला जागाच नसते. खोक्यावरच्या ‘मोशन रेट’सारख्या मोठ्या आकड्यावरून पॅनेल ओळखू नका, तपशीलपत्रकात ‘नेटिव्ह’ रिफ्रेश रेट बघा. क्रिकेटच्या चेंडूबाबत मात्र फार आशा नको. कॅमेऱ्याचं शटर उघडं असताना चेंडू जेवढा सरकला तेवढा पुसटपणा चित्रातच भाजून आलेला असतो, तो कोणताही टीव्ही काढू शकत नाही.

मॉनिटरसाठी आधी एक फुकटचं काम करा: विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट किती निवडलाय ते बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर महिनोन्महिने ६० वर चाललेला मी इतक्यांदा पाहिलाय की आता आश्चर्य वाटत नाही. जुनी केबल किंवा चुकीचं पोर्ट असेल तरी तो ६० वरच अडकतो. ६० चं १४४ झालं की थांबण्याचा काळ १६.७ वरून ६.९ मिलिसेकंदांवर येतो, आणि हा फरक सरकत्या मजकुरात लगेच दिसतो. नंतर ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर आणा. लुकलुकीचा पर्याय एक दिवस वापरून बघा. डोकं जड झालं तर बंद करा, त्याला सवय होईल म्हणून ओढून नेऊ नका. आणि टीव्ही परत करायचा विचार असेल तर पॉज केल्यावर काय दिसलं आणि सिग्नल डिशचा आहे की इंटरनेटचा, एवढं आधी कळवा. त्यावर पुढची सेटिंग सांगतो.